पन्ह्याचे ग्लास आणि गेरूचा पट्टा

गेल्या वर्षी चैत्रगौरीच्या हळदीकुंकवासाठी मी सहा ग्लासांवर मोर रंगवले होते. काचेसाठीचे म्हणून आणलेले चकचकीत पारदर्शक रंग, काळ्या आउटलायनरची ट्यूब आणि तीन दुपारी लागल्या. ग्लास खिडकीत ठेवले की ओट्यावर निळे-हिरवे कवडसे पडायचे. आलेल्या बायकांनी फार कौतुक केलं. दुसऱ्या दिवशी ते मी स्वतः घासायला घेतले, मावशींच्या हाती दिलेच नाहीत. कोमट पाणी, साबण, मऊ स्पंज. तिसऱ्या ग्लासावर बोटाखाली काहीतरी सरकलं. काळी कडा सुटली होती आणि तिच्यामागोमाग मोराचा अख्खा पिसारा सालीसारखा निघून आला. मी तो तळहातावर घेतला. एकही रेघ तुटलेली नव्हती. काचेला तो कधी धरून नव्हताच, नुसता वर बसला होता.

तेव्हाच ठरवलं की पुढच्या चैत्रात चोवीस ग्लास करायचे आणि असे करायचे की पुढची दहा वर्षं धुता येतील. हे सगळं लिहायचं कारण एवढंच, की घरच्या घरी काच रंगवायची म्हटली की सगळे नक्षी कुठली काढायची ते सांगतात. पण खरं काम ब्रश हातात घ्यायच्या आधी असतं आणि ब्रश खाली ठेवल्यानंतर असतं.

कागद रंग पितो, कापड पितं, मडकं तर घटाघटा पितं. काच पीत नाही. तिला रंध्रंच नाहीत. म्हणून काचेला रंग द्यायचा तर मुळात दोन-तीनच वाटा आहेत. एक म्हणजे काच वितळलेली असतानाच तिच्यात धातूंची ऑक्साइडं मिसळायची. कोबाल्टने निळी, मँगनीजने जांभळी. आमच्या इंदूरच्या काचमंदिरात सेठ हुकुमचंदांनी भिंती, खांब, छत, फरशीसुद्धा काचेने मढवून घेतली. तिथले निळे-तांबडे तुकडे नीट पाहिले तर कळतं की रंग काचेच्या अंगातच आहे, वरून लावलेला नाही. दुसरी वाट कारखान्यातल्या मिन्याची. काचेचीच पूड आणि रंगद्रव्य एकत्र लावून भट्टीत साडेपाचशे-सहाशे अंशांपर्यंत तापवायचं, म्हणजे रंग आणि काच एकजीव होतात. घरात ते शक्य नाही. तिसरी वाट आपली: ओव्हनमध्ये भाजून पक्के होणारे रंग. ते काचेत वितळत नाहीत, पण उष्णतेने त्यांचा थर घट्ट होतो आणि काचेला धरून बसतो. माझे पहिले रंग यांतले नव्हतेच. ते फोटोफ्रेमला, दिव्याच्या चिमणीला, खिडकीच्या तावदानाला लावायचे, जिथे पाणी आणि घासणी येत नाही. चूक रंगांची नव्हती. बाटलीवरचं बारीक अक्षर मी वाचलं नव्हतं.

तर या वर्षी खजुरी बाजारात जाऊन आधी लेबलंच वाचत बसले. दुकानदार म्हणाला, ‘मॅडम, पकाना पड़ेगा, तभी टिकेगा.’ मी घेतलेल्या रंगावर लिहिलं होतं: २४ तास वाळवा, थंड ओव्हनमध्ये ठेवा, १६० अंश, ४० मिनिटं. घेताना आणखी एक गोष्ट पाहिली, रंग अपारदर्शक हवा. गेल्या वर्षी निळा मोर पन्हं ओतल्याबरोबर शेवाळी झाला होता. पारदर्शक निळ्यामागे पिवळं आलं की हिरवंच दिसणार, पण हे रिकाम्या ग्लासावर रंगवताना लक्षात येत नाही. ग्लासात काय ओतणार आहोत, ते आधी ठरवून मग रंग घ्यावेत.

ग्लास बर्तन बाजारातून आणले. सरळ उभ्या भिंतीचे, खाली निमुळते न होणारे. निमुळत्या ग्लासावर सरळ पट्टा मारायचा म्हटला तर कागद कमानीसारखा कापावा लागतो आणि नक्षी एका बाजूला चढत जाते. दुकानात प्रत्येक ग्लास उजेडासमोर धरून पाहिला. बुडबुडा किंवा केसाएवढी चीर असलेले बाजूला काढले, कारण तेच ओव्हनमध्ये दगा देतात.

नक्षीचा प्रश्न नव्हता. आमच्याकडे चैत्र शुद्ध तृतीयेला गौर झोपाळ्यावर बसते आणि सासूबाई अंगणात चैत्रांगण काढतात. वर तोरण, मध्ये गौरीचा झोपाळा, मग सूर्य, चंद्र, शंख, चक्र, कासव, नाग, हत्ती, तुळशीवृंदावन, गोपद्म, फणी, करंडा, आरसा. अक्षय्यतृतीयेपर्यंत महिनाभर रोज. त्यांचं माहेर देवासचं. आईकडून आलेला हा चिमटीतला हात त्यांनी इतकी वर्षं इथे इंदूरच्या अंगणात चालवलाय. एका ग्लासावर एक चिन्ह असं मी ठरवलं.

सुरुवात साफ करण्यापासून. हे काम कंटाळवाणं आहे आणि सगळ्यांत महत्त्वाचं आहे. साबणाने धुवायचं, पूर्ण कोरडं करायचं, मग मेडिकलमधून आणलेलं सर्जिकल स्पिरिट कापसावर घेऊन बाहेरची बाजू पुसायची. त्यानंतर रंगाच्या जागेला बोट लावायचं नाही. फोडणी करून आलेला हात, वेणी घालून आलेला हात, नुसता स्वच्छ दिसणारा हातसुद्धा तेल सोडतो. मला हे पहिल्याच प्रयोगात दिसलं. एका ग्लासावर रंग सगळीकडे सपाट बसला, फक्त एका जागी अंड्याएवढा भाग फाकून गेला. निरखून पाहिलं तर माझ्या अंगठ्याचा ठसा. तेव्हापासून डावा हात ग्लासाच्या आत घालून ग्लास आतूनच पेलायची सवय लावून घेतली.

आणि वरच्या काठापासून दोन सेंटिमीटर जागा कोरी. आतून तर अजिबात रंग नाही. डबीवर विषारी नाही असं लिहिलेलं असलं तरी त्याचा अर्थ ओठाला लावायला चालतो असा होत नाही. या बाबतीत मी कुणाचंही ऐकत नाही. नक्षी काठापर्यंत नेली तर जास्त छान दिसेल, असं माझी भाची म्हणाली. दिसलं असतं, पण नाही नेली.

पहिले तीन ग्लास मी सरळ काचेवर पांढऱ्या रेघांनी काढले. आत चित्राचा कागद गोल गुंडाळून ठेवायचा आणि बाहेरून गिरवायचं. सोपं वाटतं, पण काचेच्या जाडीमुळे आतली रेघ जागेवरून सरकलेली दिसते; मान जरा हलली की कासवाचा पाय पाठीपासून सुटतो. एक डोळा मिटून अगदी समोरून पाहिलं तरच जमतं. दुसरी अडचण हाताची. कागदावर ब्रश जरासा अडतो, तो अडथळाच हाताला सांगत असतो कुठे आहोत ते. काचेवर ब्रश तेलावरून गेल्यासारखा निसटतो. आणि जमलं तरी दिसत होतं काय? रिकाम्या ग्लासावर पांढऱ्या रेघा, त्यांच्यातून पलीकडच्या बाजूच्या रेघा, सगळा गुंता. झोपाळा कुठला आणि दोरी कुठली, काही कळेना.

मी ते तीन ग्लास सासूबाईंसमोर ठेवले. त्यांनी चष्मा लावून एकेक फिरवून पाहिला.

‘आई, रेघ बारीक आलीय का?’

‘रेघेला काही झालेलं नाही,’ त्या म्हणाल्या. ‘पण अगं, सारवल्याशिवाय कधी रांगोळी काढतात का?’

मी त्यांच्याकडे पाहतच राहिले. अंगणात त्या आधी गेरूचा हात देतात, तो वाळू देतात, मगच चिमटीत रांगोळी घेतात. तीस वर्षं मी हे रोज पाहत आलेय, आणि काचेवर काढताना ते मला सुचलं नव्हतं.

त्या दिवसापासून कामाची सगळी रीत बदलली. विटकरी रंगात तपकिरी आणि किंचित पिवळा मिसळून गेरू तयार केला. सगळ्या ग्लासांना पुरेल एवढा एकदम, झाकणाच्या बाटलीत. कारण दुसऱ्यांदा मिसळला तर तीच छटा येत नाही. ग्लासाच्या पोटावर वर-खाली मास्किंग टेप लावून मधला पट्टा गेरूचा करायचा. पहिल्यांदा चपट्या ब्रशने लावला तर ब्रशच्या केसांच्या रेघा राहिल्या, आणि दुसरा हात घाईने दिला तर खालचा ओला थर उचलून आला. मग चेहऱ्याला लावायच्या स्पंजाचा तुकडा घेऊन टिपत टिपत लावला. पातळ थर, वाळू द्यायचा, मग दुसरा पातळ थर. स्पंजाने रंगाला अगदी बारीक रवा येतो. लांबून पाहिलं तर सारवलेल्या जमिनीसारखाच दिसतो. टेप मात्र रंग थोडा ओलसर असतानाच काढायची. पूर्ण वाळल्यावर ओढली तर कडा फाटते आणि ती दुरुस्त करताना पट्टा रुंद होत जातो.

या गेरूमुळे तिन्ही अडचणी एकदम सुटल्या. पलीकडची बाजू दिसेनाशी झाली. पन्ह्याचा पिवळा रंग मधे येईना. आणि वाळलेल्या रव्याच्या थरावर ब्रश अडू लागला, म्हणजे माझ्या हाताला पुन्हा जमीन सापडली.

आता आत कागद ठेवून गिरवणं बंद झालं, कारण पट्ट्यातून काही दिसत नाही. मग जुनीच युक्ती केली. चित्राच्या कागदामागे पांढरा खडू घासायचा, कागद पट्ट्यावर चिकटवायचा आणि रिकाम्या झालेल्या बॉलपेनने गिरवायचं. खडूची फिकट रेघ उमटते, तिच्यावरून ब्रश न्यायचा, उरलेली पूड शेवटी कोरड्या ब्रशने झटकायची. ग्लास आडवा ठेवायला चुंबळ उत्तम. जुन्या सुती साडीची गोल चुंबळ केली की ग्लास घरंगळत नाही आणि हव्या त्या बाजूला वळवता येतो. करंगळी चुंबळीवर टेकवायची, कोपर टेबलावर, आणि रेघ बोटांनी न ओढता मनगटाने ओढायची.

चित्रं सगळी सासूबाईंची. त्यांनी काळ्या पाटीवर रांगोळीनेच एकेक चिन्ह काढून दाखवलं आणि मी त्यावरून कागदावर उतरवलं. फणी मला सोपी वाटली होती. एक आडवी पट्टी आणि दोन्हीकडे दात, आणखी काय? त्यांच्या चिमटीतून फणी कशी आली ते जवळून पाहिलं तेव्हा कळलं. त्या दात वरून खाली काढत नाहीत. टोकाकडून पट्टीकडे रेघ आणतात आणि पट्टीला टेकताना चिमूट किंचित सैल सोडतात, त्यामुळे दात मुळाशी जाड आणि टोकाला बारीक होतो. डावीकडचे सात, उजवीकडचे सात, मधले दोन थोडे लांब. मी ब्रशने तेच करून पाहिलं. टोक टेकवून हलकेच ओढायचं आणि पट्टीजवळ दाब द्यायचा. पहिल्या बारा दातांपर्यंत हात अवघडलेला होता. तेरावा दात जसा हवा तसा उमटला. त्या एका दातासाठी मी बाकीचे बारा पुसून पुन्हा काढले. भाजेपर्यंत रंग पुसता येतो, हे या रंगांचं मोठं सुख आहे. ओला असेल तर ओलसर इअरबडने, वाळला असेल तर टूथपिकच्या टोकाने अलगद खरवडून. फक्त खालचा गेरू सांभाळायचा.

पांढरा रंग पातळ करायला पाणी जपून घालावं. जास्त झालं की रेघ छान पळते, पण रंगाची पकड जाते. उलट मेंदीच्या कोनात दाट रंग भरून उठावदार रेघ काढायचाही प्रयत्न केला. दिसायला अप्रतिम! ओव्हनमध्ये त्या जाड रेघेला बुडबुडे आले आणि फुटून खड्डे पडले. थर पातळच हवा. ठिपक्यांसाठी मात्र ब्रशची मागची बाजू रंगात बुडवून टेकवावी, सगळे एका मापाचे येतात.

माळव्याचा चैत्र म्हणजे कोरडं ऊन. रंग ब्रशवरच वाळायचा. बशीत ओला टिश्यू, त्यावर बटर पेपर आणि त्यावर रंग, वर झाकण, असं ठेवल्यावर तासभर ओला राहू लागला. कूलर बंद ठेवावा लागायचा, नाहीतर गवताच्या पॅडचे तंतू उडून ओल्या रेघेवर बसायचे. दुपारी दीड ते चार मी घाम पुसत काम करायची आणि सासूबाई पलीकडच्या खोलीत कूलरसमोर पडून ‘झालं का गं कासव?’ विचारायच्या.

चोवीस ग्लासांना सतरा दुपारी लागल्या. शेवटचा रंगवल्यावरही लगेच भाजले नाहीत, दोन दिवस जाळीच्या कपाटात उभे ठेवले. वरून वाळलेला रंग आतून ओला असेल तर तापल्यावर त्याची वाफ बाहेर पडायला जागा शोधते.

भाजणं हा सगळ्यांत जिवाला घोर लावणारा भाग. ओव्हन थंड असतानाच ग्लास आत ठेवायचे, एकमेकांना न टेकता. माझ्या ओटीजीत सहा मावतात. मग चालू करायचा, १६० वर आणायचा, आणि तिथे पोहोचल्यावर ४० मिनिटं मोजायची. चालू केल्यापासून नाही. पहिल्या सहा ग्लासांचा पांढरा रंग सायीसारखा पिवळट होऊन बाहेर आला. बटण १६० वरच होतं. मग ओव्हनच्या आत ठेवायचं छोटं थर्मामीटर आणलं, तर बटण १६० दाखवत असताना आत १८५ होतं. केक करताना हा फरक कधी जाणवला नव्हता, रंगाने तो लगेच दाखवला. पुढच्या खेपेला बटण १४० च्या आसपास ठेवून आतलं तापमान १६० वर धरलं आणि पांढरा पांढराच राहिला. ज्यांना घरी हे करायचंय त्यांनी ब्रशआधी हे थर्मामीटर घ्यावं, असं मी मनापासून सांगते.

तिसऱ्या खेपेत एक ग्लास गेला. वेळ संपली होती, पुढचे सहा वाट पाहत होते. बंद करून दहा मिनिटंही झाली नव्हती आणि मी दार थोडं उघडलं. नेमका तेव्हाच बाहेर कुणीतरी कूलर लावला आणि वाऱ्याचा झोत स्वयंपाकघरात आला. ‘टिक्’ असा अगदी बारीक आवाज. नागाच्या ग्लासाला बुडापासून एक चीर वर चढत गेली, माझ्या डोळ्यांदेखत, नागाच्या फण्यापर्यंत. जाड बूड अजून तापलेलं, पातळ भिंत गार होऊन आकसू लागलेली, त्या ओढाताणीत काच तुटते. प्रयोगशाळेतल्या बोरोसिलिकेट काचेपेक्षा आपली पाणी प्यायची साधी काच तापल्यावर जवळजवळ तिप्पट पसरते, म्हणून तिला घाई अजिबात सोसत नाही. त्यानंतरची शेवटची खेप मी रात्री लावली आणि दार सकाळीच उघडलं.

हळदीकुंकवाआधी मी परीक्षा घेतली. एक ग्लास रात्रभर पाण्यात बुडवून ठेवला. सकाळी पुसून रेघेवर चिकटपट्टी दाबून ओढली. पट्टी कोरी आली. मग मावशींना बोलावलं आणि म्हटलं, मऊ स्पंजाने घासा, तारेची घासणी नको, राखेसारखी खरखरीत पावडर नको. त्यांनी ग्लास हातात घेतला, फणीवरून अंगठा फिरवला आणि विचारलं, ‘यह छपा हुआ है क्या?’ हाताने काढलंय म्हटल्यावर त्यांनी तो ग्लास वेगळ्या पाण्यात धुतला.

त्या दिवशी पन्ह्यात केशर जरा जास्तच पडलं होतं. कैरीची डाळ, भिजवलेल्या हरभऱ्यांची ओटी, अत्तर, गुलाबपाणी आणि ट्रेमध्ये तेवीस ग्लास. गेरूच्या पट्ट्याच्या वर दोन सेंटिमीटर पिवळं पन्हं दिसत होतं, खाली पुन्हा पिवळं, मधे पांढरं चैत्रांगण. बायका आपापला ग्लास फिरवून शेजारणीला विचारत होत्या, ‘तुला काय आलं?’ कुणाला शंख, कुणाला आरसा, एकीला झोपाळा. रामबागेतल्या एक आजी करंडा हातात धरून सासूबाईंना म्हणाल्या, ‘आमच्याकडे करंड्याचं झाकण उघडं काढतात.’ यावर दोघींचं बराच वेळ चाललं होतं.

सगळ्या गेल्यावर मी ग्लास गोळा करू लागले. सासूबाईंनी त्यांचा आधीच स्वतः धुऊन आणला होता. तो उजेडाकडे धरून त्या म्हणाल्या, ‘नाग नाही यात.’

‘तडकला तो, आई.’

‘मग तो परत काढ. गौर घरी असेपर्यंत नाग हवा.’ आणि त्यांनी पाटी पुढे ओढून रांगोळीचा डबा उघडला.